चाळिशीत नर्सिंगचे शिक्षण : आजी-आजोबांचा वाटा किती?



शब्बाथच्या जेवणाला सगळे कुटुंब जमले असताना सून किंवा मुलगी एखाद्या दिवशी सांगते, "मी ऑफिसची नोकरी सोडून नर्सिंग शिकणार आहे." वय अडतीस-चाळीस, पदरात दोन-तीन मुले. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, "या वयात? मग मुलांना कोण सांभाळणार?" बहुतेक घरांत याचे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही. सगळे जण आजी-आजोबांकडे पाहतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेतला आहे. तिच्या शिक्षणाचा आपल्या तब्येतीशी जवळचा संबंध आहे.

प्रथम हे शिक्षण काय आहे ते पाहू. ज्यांच्याकडे दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी आधीच आहे, त्यांच्यासाठी इस्रायलमध्ये वेगळा अभ्यासक्रम आहे. त्याला "हसावा", म्हणजे व्यवसायबदलाचा अभ्यासक्रम, म्हणतात. तो साधारण दोन ते अडीच वर्षांचा असतो. पदवी नसेल तर चार वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. शरीररचना, सूक्ष्मजंतू, औषधशास्त्र आणि औषधांच्या मात्रेचे गणित हे वर्गात शिकवले जाते. त्याबरोबर इस्पितळातल्या निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष काम करावे लागते. शेवटी सरकारी परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्यावरच "अहोत मुस्मेखेत", म्हणजे नोंदणीकृत नर्स, म्हणून काम करता येते.

या व्यवसायाची मुळे इथे जुनी आहेत. हदासा संस्थेची नर्सिंग शाळा जेरुसलेममध्ये १९१८ साली सुरू झाली आणि तिच्या पहिल्या नर्सेस १९२१ साली बाहेर पडल्या. आपल्या समाजालाही रुग्णसेवा नवी नाही. डॉ. जेरुशा झिराड १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या इस्पितळांतल्या बेने इस्रायल सिस्टर आणि मेट्रन आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील.

आता घरातली अडचण पाहू. इस्पितळातली सकाळची पाळी सात वाजता सुरू होते आणि तीनला संपते. बस धरून घरी यायला चार वाजतात. बालवाडी मात्र दोनला सुटते. म्हणजे सकाळी मुलांना उठवून पोहोचवणे आणि दुपारचे दोन ते चार, हे दोन तास-तुकडे कोणीतरी उचलावे लागतात. ते जावयाने किंवा मुलाने घ्यायचे, दुपारच्या पाळणाघराने घ्यायचे की आजी-आजोबांनी, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

ठरवताना आपण खरे बोलावे, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. आपल्या पिढीला "नाही" म्हणायची सवय नाही. गुडघा दुखत असतो, उठताना चक्कर येते, रात्री झोप नीट लागत नाही, तरी आपण म्हणतो, "मी आहे ना, तू जा शिकायला." पहिले दोन महिने निभावते. मग परीक्षेच्या ऐन दिवसांत आजी न्हाणीघरात पडते, आणि एका दुखण्याने तिचे शिक्षण आणि आजीचे चालणे, दोन्ही थांबते. "आठवड्यातून पाच दिवस जमणार नाही, मंगळवार आणि गुरुवार नक्की," असे सुरुवातीलाच सांगितले तर बाकीच्या दिवसांची सोय वेळेवर होते. जेवढे झेपते तेवढेच कबूल करावे आणि ते पाळावे.

नातवंडे घरी येऊ लागली की पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

आपली औषधे उशीजवळ, टेबलावर किंवा पर्समध्ये ठेवू नयेत. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी लहान मुलाला गोड गोळीसारखी वाटते, पण एक-दोन गोळ्यांनीही त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. औषधे उंचावर, कुलपात ठेवावीत. मुलाने गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता १०१ वर मागेन दाविद अदोमला फोन करावा. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

मुलाला कमरेतून वाकून उचलू नये. गुडघे वाकवून त्याला जवळ घ्यावे. त्याहून बरे म्हणजे आपण खुर्चीवर बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे.

कुपत होलिममधली आपली ठरलेली तपासणी मुलांसाठी पुढे ढकलू नये. आपली जेवणाची आणि गोळ्यांची वेळही चुकवू नये. हिवाळ्यापूर्वी फ्लूची लस घ्यावी. मुले बालवाडीतून खोकला-सर्दी आणतात आणि विद्यार्थिनी इस्पितळात रुग्णांजवळ असते. तिला काम सुरू करण्यापूर्वी कावीळ-ब आणि इतर लसी घ्याव्याच लागतात. घरी आल्यावर तिने आधी हात साबणाने धुवावेत, गणवेश बदलावा, मग मुलांना घ्यावे. त्या पाच मिनिटांत मुलांना थोपवून धरणे ही आजीची मोठी मदत आहे.

झोपेचेही तसेच आहे. मुले झोपल्यावर ती अभ्यासाला बसते आणि पहाटे पुन्हा उठते. पुढे नोकरीत रात्रीची पाळी अकरा ते सात असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपू देणे म्हणजे लाड नव्हेत. अपुऱ्या झोपेने औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते आणि गाडी चालवताना डोळा लागू शकतो. खोलीत अंधार करावा, फोन बाहेर ठेवावा आणि "आज किती वेळ झोपलीस!" असे म्हणू नये. शब्बाथला पाळी लागली म्हणूनही रागावू नये. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, हे पिकुआह नेफेशचे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक मोह टाळावा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला "ही गोळी बंद करू का?" असे विचारू नये. तो प्रश्न आपल्या डॉक्टरांचा आहे. मात्र रक्तदाब मोजण्याचा सराव तिला आपल्यावर जरूर करू द्यावा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि पायावर पाय नको. हात हृदयाच्या उंचीवर टेकवून ठेवावा आणि मोजताना बोलू नये. थोड्या वेळाने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. तिचा सराव होतो आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायला आपल्याकडे नोंद राहते.

अडीच वर्षांनंतर तिला इस्पितळातच राहावे लागेल असे नाही. कुपत होलिमचे दवाखाने, तिपत हलाव, वृद्धांची केंद्रे अशा ठिकाणीही नर्सेस लागतात आणि तिथल्या अनेक जागा दिवसाच्या वेळेच्या असतात. तोवरच्या काळासाठी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, आठवड्याचे वार कागदावर मांडावेत आणि प्रत्येक वारासमोर नाव लिहावे. आपले नाव लिहिण्यापूर्वी आपल्या गुडघ्यांना आणि डॉक्टरांना विचारावे, आणि दर तीन महिन्यांनी तो कागद पुन्हा पाहावा.

आपणां सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.