पाठ टाचणापलीकडचे मूल

विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणात सराव पाठांना मोठे स्थान असते. छात्राध्यापक विशेष शाळेत जातो, टाचण काढून पाठ घेतो आणि मार्गदर्शक त्यावर शेरा लिहितात. यातून शिकवण्याचे तंत्र हाती येते हे खरे असले, तरी समोरच्या मुलाला नेमके काय हवे हे कोणी ठरवले, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. सेवाधिष्ठित अध्ययन, म्हणजे समाजाने स्वतः मांडलेली गरज भागवणारे काम अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करणे आणि त्या कामावर शिस्तशीर चिंतन करून शिकणे, ही पद्धत याच प्रश्नापासून सुरू होते.

ही संज्ञा अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमझी यांच्या कामातून पुढे आली. तेथील १९७५ च्या कायद्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, म्हणजे त्या एका मुलाची उद्दिष्टे आणि त्याला लागणारे साहाय्य नोंदवणारा लेखी आराखडा, आवश्यक ठरवला आणि तो आखताना पालकांना सहभागी करून घेण्याचे बंधन घातले. पालकांचे ऐकून घेणे हे तेव्हापासून शिक्षकाच्या कामाचे अंग झाले, आणि ते व्याख्यान ऐकून अंगी बाणत नाही.

समजा, एका छात्राध्यापिकेने बोलता न येणाऱ्या मुलासाठी संवादफलक केला, म्हणजे ज्यावरील चित्रांवर बोट ठेवून मुलाला आपले म्हणणे सांगता येईल असा फलक. तिने पाठाच्या सोयीने फळे, रंग आणि प्राणी निवडले. मुलाच्या आईला मात्र पाणी, शी-शू, पोटदुखी आणि ‘नको’ हवे आहे. यांतले ‘नको’ सर्वांत मोलाचे, कारण ज्या मुलाला नकार देता येत नाही ते चावते, ओरडते किंवा डोके आपटते आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. आईच्या मागणीप्रमाणे फलक बदलणे ही सेवा झाली. पहिला फलक चुकला तो का, हे वर्तनाच्या आणि संवादाच्या सिद्धांतांशी ताडून लिहिणे हे अध्ययन झाले.

भारतात विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या देखरेखीखाली चालते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सर्वसमावेशक शिक्षणावर भर दिला, त्यामुळे नव्या शिक्षकाला नेहमीच्या शाळा आणि कुटुंबे यांच्यासोबत काम करावेच लागते. श्रम आणि शिक्षण एकत्र गुंफणाऱ्या नई तालीमचा विचार १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला असल्याने सेवाधिष्ठित अध्ययनाची वाट महाराष्ट्राला अगदीच परकी नाही.

तथापि, ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी फळवाटप करून परतणे म्हणजे सेवाधिष्ठित अध्ययन नव्हे. त्यात मूल दयेचा विषय उरते आणि छात्राध्यापक काही न शिकता समाधानी होतो. सत्र संपताच मुलाकडे पाठ फिरवणे हे तर त्याहून घातक, कारण फलकाची सवय लागलेल्या मुलाला पुढची चित्रे कोण देणार याचे उत्तर कुटुंबाकडे नसते. म्हणून महाविद्यालयाने त्याच शाळेशी आणि कुटुंबांशी वर्षानुवर्षे नाते ठेवावे, पुढच्या तुकडीला आधीच्या नोंदी सोपवाव्यात आणि कामाचे मूल्यमापन करताना पालकांचे मतही विचारात घ्यावे.