घरावर सोलर: स्वतः बसवायचं की तंत्रज्ञाला बोलवायचं?

यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले की वाटतं, सोलर बसवणं म्हणजे काय, लाल वायर लालला आणि काळी काळीला! मलाही तसंच वाटलं होतं. मी इंजिनिअर, हातात मल्टिमीटर, मग मजुरीचे पैसे कशाला घालवायचे?

कराडच्या घरी गच्चीवर आधी १०० वॉटचं एकच पॅनल लावलं. सोबत चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन एलईडी दिवे. लाईट गेली तरी हॉलमध्ये उजेड, आई खूश. मग माझी भीड चेपली.

ओळखीच्या एकाकडून दोन मोठी जुनी पॅनल आणली आणि सिरीजमध्ये जोडून बॅटरीवाल्या इन्व्हर्टरला लावली. एका दुपारी वायर बदलायला म्हणून कनेक्टर खेचला. चर्रर्र आवाज, निळसर ठिणगी आणि प्लास्टिक वितळलेलं. हातमोजे होते म्हणून बोटं वाचली. बाबांनी खालून विचारलं, "अरे, मेन स्विच बंद केला नव्हतास का?"

केला होता की! पण मेन स्विच बंद केला म्हणून सूर्य बंद होत नाही. पॅनलमधून बॅटरीकडे करंट चालूच होता.

ठिणगी विझली का नाही?

आपल्या घरातली वीज एसी, ५० हर्ट्झची. तिचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनलची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी लांबत जाते आणि आग लागू शकते.

आता गणित बघा. साधारण ५४० वॉटच्या एका पॅनलचा लोड नसतानाचा व्होल्टेज ५० च्या आसपास असतो. ३ किलोवॉटसाठी अशी सहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की झाले सुमारे ३०० व्होल्ट. माझी तर दोनच होती!

स्वतः काय करता येईल?

१०० वॉटचा छोटा सेट शिकायला मस्त आहे. तीन गोष्टी पाळा:

१. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलटा क्रम, आणि पॅनल झाकून ठेवा.
२. बॅटरीच्या प्लस टोकाजवळच फ्यूज लावा.
३. चालू करंटवर कनेक्टर कधीच ओढू नका.

कुठे थांबायचं?

घराच्या वायरिंगला किंवा महावितरणच्या लाइनला जोडायची वेळ आली की थांबा. वळवाच्या वाऱ्यात उडणार नाही असा स्ट्रक्चर, अर्थिंग, डीसी आयसोलेटर, नेट मीटर हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही.

शिवाय पैशाचं गणितही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. त्यासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि भारतात बनलेली पॅनल लागतात. स्वतः बसवून वाचवलेली मजुरी या रकमेपुढे काहीच नाही.

तंत्रज्ञ आला तरी हे तुम्हीच बघा

- वर्षभराच्या बिलांतली युनिट्स. १ किलोवॉट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे ३ किलोवॉटचे महिन्याला साधारण ३६० युनिट. पावसाळ्यात कमी.
- जागा. एका किलोवॉटला अंदाजे १०० चौरस फूट.
- सावली. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचे फोटो काढा. टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या रांगेचं उत्पादन घसरू शकतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांबतात, तेव्हा पुन्हा तपासा.
- प्रश्न. अर्थिंग कुठे घेणार? आयसोलेटर कुठे? गच्चीला भोकं पाडली तर गळती कोण बघणार?

आणखी एक गैरसमज. साध्या ऑन-ग्रिड सोलरमध्ये बॅटरी नसते. लाईट गेली की भर उन्हातही तो बंद पडतो. हा बिघाड नाही. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी लाइनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल.

शेवटी आमच्या गच्चीवर ३ किलोवॉट बसला, तो तंत्रज्ञाच्या हातून. काम झाल्यावर त्याने बाबांना आयसोलेटर दाखवला आणि कनेक्टरला हात लावण्याआधी काय काय बंद करायचं, तेही ओळीने सांगितलं. बाबांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. वितळलेला कनेक्टर अजून माझ्या टेबलावर आहे. तुम्ही सोलर बसवाल, तेव्हा आयसोलेटर कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.