हातांना हवी सवय

मी आळंदीची. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकते. माझा दिवस तुमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींसारखाच असतो. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग जर्नलवर सही मिळवण्यासाठी सरांच्या मागे फेऱ्या. संध्याकाळी देवळाच्या रस्त्यावरच्या आमच्या तुळशीमाळांच्या दुकानात तासभर बसायचं आणि रात्री पखवाज घ्यायचा. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून पखवाज शिकणारी मुलं या गावाला नवी नाहीत. त्यांचं ऐकतच मी मोठी झाले, म्हणून मलाही हा नाद लागला.

आज मला बोलायचं आहे ते प्रथमोपचारांबद्दल. पखवाजाचा त्याच्याशी काय संबंध, ते ओघात येईलच.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. कार्तिकी एकादशीची गर्दी होती. इंद्रायणीच्या घाटावर, माझ्यापासून दहा पावलांवर, एक वयस्कर माळकरी बाबा पायरीवर बसता बसता आडवे झाले. लगेच माणसं जमली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तळवे चोळायला बसलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी बाबांचं डोकं उचललं आणि त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. गर्दीतून वाट काढत रुग्णवाहिका आली, तेव्हा बाबा गेलेले होते. त्यांच्या बरोबरच्या आजी मला म्हणाल्या, ‘‘पोरी, शेवटचं पाणी तुझ्या हातचं होतं बघ.’’ त्यांनी ते मायेनंच म्हटलं. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, त्यामागं हीच बोच होती. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. आमच्या युनिटनं प्रथमोपचारांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. पहिल्याच तासाला मी विचारलं, ‘‘बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर काय होतं?’’ शिकवणारे डॉक्टर म्हणाले, ‘‘त्याला गिळता येत नाही. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तहान आपल्याला लागलेली असते, त्याला नाही.’’

मग त्यांनी क्रम शिकवला. आधी जागा सुरक्षित आहे का, ते पाहायचं. मग दोन्ही खांदे थोपटून मोठ्यानं हाक मारायची. प्रतिसाद नसेल तर छाती वरखाली होते का, ते बघायचं. त्यात दहा सेकंदांहून जास्त वेळ घालवायचा नाही. मधूनच आचके दिल्यासारखा श्वास म्हणजे श्वास चालू आहे असं समजायचं नाही. एकाला नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगायचं, ‘‘तुम्ही १०८ ला फोन लावा.’’ नुसतं ‘‘कुणीतरी फोन करा’’ म्हटलं, की कुणीच करत नाही. महाराष्ट्रात १०८ ची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ११२ वरूनही मदत मिळते.

आणि फोन चालू असतानाच छाती दाबायला घ्यायची. हृदय थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. यात्रेच्या गर्दीत एवढ्या वेळात रुग्णवाहिका कशी पोचणार? तोवर हृदयाचं काम आपल्या हातांनी करायचं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ आणि जोर खांद्यांतून. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या वर दबली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. शिकलेल्यानं ३० दाबांनंतर तोंडावाटे २ श्वास द्यायचे; ज्याला ते जमत नाही त्यानं नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र श्वासाला फार महत्त्व आहे, कारण तिथं मुळात हवाच तुटलेली असते. त्याचं पोट दाबून किंवा त्याला खांद्यावर घेऊन गरगर फिरवून पाणी काढत बसायचं नाही. आणि स्वतः पाण्यात उडी घेण्याआधी काठावरून काठी, दोर, धोतर, रिकामा कॅन, जे मिळेल ते टाकायचं.

हे सगळं मी वहीत व्यवस्थित उतरवलं. मग पुतळ्यावर हात ठेवायची वेळ आली आणि माझी फजिती झाली. वेगाचं मला काय अवघड, मी तर पखवाज वाजवते, असं मनात होतं. अर्ध्या मिनिटात डॉक्टर म्हणाले, ‘‘तू पळतेस.’’ गजर रंगात आला की लय चढते, तसे माझे हात नकळत चढत होते. लय चढली की दाब उथळ होतो. शिवाय मी हात पुरता उचलत नव्हते. छाती पूर्ण वर आली नाही, तर हृदयात पुन्हा रक्त भरत नाही. हे मला त्यांनी सांगताक्षणी कळलं. पखवाजावर थाप देऊन हात उचलला नाही, तर नाद दबून जातो, तसंच आहे हे. दोन मिनिटांत घामानं भिजले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

त्या दोन दिवसांत घरगुती समजुतीही बऱ्याच गळून पडल्या. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, शाई नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. रक्त येत असेल तर हळद-कॉफी न भरता स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरायचं आणि ‘थांबलं का’ म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. आमच्या वर्गातल्या अनेकांचे वडील चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आहेत, म्हणून तुटलेल्या बोटाचाही विषय निघाला. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दर १५० कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस असं बंधन घातलं होतं. घरी येऊन मी बाबांना विचारलं, ‘‘तुमच्या खात्यात पेटी कुणाकडे असते?’’ त्यांना पेटी कुठं टांगली आहे ते ठाऊक होतं, माणूस ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी ते विचारून आले.

‘नसती भानगड नको’ म्हणून रस्त्यावरच्या जखमीला हात न लावणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी सांगते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातही आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

या वर्षी आमच्या मेसमध्ये एका मुलाला फिट आली. कुणीतरी चप्पल काढली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. मी दोघांना थांबवलं. टेबल-खुर्च्या बाजूला केल्या, त्याच्या डोक्याखाली दप्तर सरकवलं, हातपाय दाबून न धरता घड्याळ लावलं. फिट पाच मिनिटांच्या पुढं गेली, तर १०८ ला फोन करायचा होता. दोन मिनिटांत ती थांबली. मग त्याला कुशीवर वळवलं आणि पुरता शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू दिलं नाही. पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघताना मला घाटावरची मी आठवले.

त्या दिवशी छाती दाबली असती तर बाबा वाचले असते, असं मी म्हणत नाही. सगळेच वाचत नाहीत. पण दहा-वीस माणसं भोवती असताना त्यांना ती संधीसुद्धा मिळाली नाही, आणि आमच्यापैकी कुणाचीच माया कमी नव्हती. कमी होती ती हातांची सवय.

प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे, पण सवय फाइलमध्ये टिकत नाही. रियाज सुटला की बोल जसे निसटतात, तशी ही सवयही काही महिन्यांत मोडते. म्हणून आम्ही पाच-सहा जणी महिन्यातून एकदा पुतळा मागून घेतो आणि दोन-दोन मिनिटं दाबतो. एकजण मोजते आणि लय पळाली की टोकते. मला अजूनही टोकावं लागतं.