नवा संगणक घेण्याआधी मेमरी तपासू या

आता बऱ्याच बचत गटांकडे डेस्कटॉप संगणक आला आहे. हिशेबाची एक्सेल शीट, मसाल्याच्या पाकिटाचं लेबल, आपल्या मालाचा छोटा व्हिडिओ, अशी सगळी कामं आपण त्याच्यावर करतो. पण व्हिडिओ जोडायला घेतला की पडदा थिजतो, नाहीतर ‘मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना येते. मग कुणीतरी सांगतं, “संगणक जुना झाला, नवा घ्या.” गटाचा पैसा एकेका रुपयाने जमलेला असतो. तो खर्चण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू या.

संगणकात दोन जागा असतात. हार्ड डिस्क म्हणजे आपली कोठीची खोली. तिथे सामान साठून राहतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हातातलं काम तिथे चालतं. ओटा भरला की भांडी खाली ठेवावी लागतात आणि दरवेळी वाकून उचलावी लागतात. संगणकही रॅम भरली की काही सामान हार्ड डिस्कवर ठेवतो. डिस्क रॅमपेक्षा खूपच हळू चालते, म्हणून काम रखडतं.

तपासायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो ते दिसतं. इंटरनेटची उघडी राहिलेली दहा-बारा पानं बरीच जागा अडवतात. ती बंद करा. संगणक चालू होताना आपोआप सुरू होणारे, पण नको असलेले प्रोग्राम ‘स्टार्टअप’ मध्ये जाऊन थांबवा. एवढं करायला एक पैसा लागत नाही.

तरीही भागत नसेल तर रॅम वाढवता येते. पण त्याआधी ‘सिस्टिम टाइप’ बघा. विंडोज 10 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलं की ते दिसतं. तिथे 32-बिट लिहिलंय की 64-बिट?

हे का बघायचं? समजा, पोस्टमनच्या वहीत घरनंबरासाठी चारच रकाने आहेत. मग 9999 च्या पुढच्या घराला पत्र कसं जाणार? 32-बिट विंडोजचं तसंच आहे. तिच्या रकान्यांत सुमारे 429 कोटी नंबर मावतात, म्हणजे 4 जीबी. त्यातलेही काही नंबर इतर भागांसाठी राखलेले असतात. त्यामुळे अशा संगणकात 8 जीबी रॅम बसवली तरी 4 जीबीच्या पुढची वापरात येत नाही. पैसे वाया जातात.

‘सिस्टिम टाइप’ मध्ये 32-बिटच्या शेजारी ‘एक्स64 प्रोसेसर’ असं लिहिलं असेल, तर यंत्र चांगलं आहे. फक्त 64-बिट विंडोज नव्याने टाकावी लागते. तेव्हा डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून गटाचे हिशेब आणि फोटो आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि ते उघडतात का, हे दुसऱ्या संगणकावर पाहून घ्या. व्हिडिओचा प्रोग्रामही 64-बिटचाच घ्या. 32-बिट प्रोग्रामला साधारणपणे 2 जीबीच मेमरी मिळते.

रॅम घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. आपल्या संगणकाला डीडीआर3 लागते की डीडीआर4? दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. रॅमची पट्टी लावायला जागा रिकामी आहे का? आणि आपला मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो? उत्तरं बिलावर लिहून घ्या. पट्टी बसवताना वायर भिंतीच्या प्लगमधून काढलेलीच हवी.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत आपल्या संगणकाची रॅम किती आणि बिट किती, हे दोन आकडे ठरावाच्या वहीत लिहून ठेवू या. म्हणजे दुकानात जाताना आपल्याला काय हवं ते आपणच सांगू शकू.