ध्वनीने पाहण्याचे शिक्षण

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळच्या वेळी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक ठरावीक दृश्य दिसते. बाकांवर बायाबापड्या आणि म्हातारी माणसे बसलेली असतात. कोणी पाण्याची बाटली संपवीत असते, तर कोणी ‘आता धरवत नाही’ म्हणून दारातून आत डोकावत असते. भिंतीवर एक फलक असतो: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. पुण्या-नाशिकास हा फलक मराठीत असतो, बडोद्यास गुजरातीत. बाकांवरच्या चेहऱ्यांवरील काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच.

आपल्याकडे ‘सोनोग्राफी काढली’ असे म्हणतात. फोटो काढावा तशी सोनोग्राफी काढावयाची, अशी या शब्दयोजनेमागची समजूत आहे. यंत्र चांगले असले की चित्र चांगले येणार, आणि चित्र चांगले आले की रोग कळणार, असे सामान्य माणूस धरून चालतो. या समजुतीमुळेच बारावीच्या निकालानंतर अनेक पालक विचारतात, ‘सोनोग्राफीचे यंत्र चालविण्याचा एखादा कोर्स आहे का? मुलगी हुशार आहे, लवकर पायावर उभी राहील.’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नीट समजण्यास, हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ अंधारात न धडपडता उडते ते याच ध्वनीच्या आधाराने. सोनोग्राफीत वापरावयाच्या ध्वनीची कंपने तर सेकंदाला सुमारे वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. डॉक्टरांच्या हातातील प्रोबमध्ये विशिष्ट प्रकारचे स्फटिक बसविलेले असतात. त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरून ध्वनी निर्माण करतात, आणि परत आलेला ध्वनी त्यांच्यावर आदळला की त्याची पुन्हा वीज होते. स्फटिकाचा दाब आणि वीज यांचे हे नाते प्येर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते.

शरीराच्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. पंधरा सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवावर आपटून येणारा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या भागात परत येतो. यंत्र हा वेळ मोजते, त्यावरून अंतर काढते आणि पडद्यावर ठिपका मांडते. असे असंख्य ठिपके मिळून चित्र होते. यात क्ष-किरण मुळीच नसतात, म्हणूनच गर्भवतीच्या तपासणीसाठी या पद्धतीस इतके महत्त्व आले.

पण ध्वनीलाही अडचणी आहेत. हवेतून तो पुढे जात नाही. म्हणून प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर राहू नये यासाठी तो थंडगार जेल लावतात. आतड्यांतील वायू त्याची वाट अडवितो. म्हणून पोट तपासताना उपाशीपोटी बोलावितात. भरलेले मूत्राशय मात्र त्याला खिडकीसारखे उपयोगी पडते, कारण त्यातील पाण्यातून ध्वनी सरळ गर्भाशयापर्यंत पोहोचतो. बाकावर बसून पाणी पिणाऱ्या बाईच्या त्रासाचे कारण हे आहे. ते तिला दोन वाक्यांत कोणी सांगितले, तर तो त्रास निम्मा होतो. कंपने जितकी अधिक तितके चित्र बारीक, परंतु ध्वनीची पोच उथळ. कंपने कमी केली की पोच खोल, पण चित्र भरड. गळ्यातील ग्रंथी पाहताना एक प्रोब आणि यकृत पाहताना दुसरा, तो यासाठीच.

आता मुख्य मुद्दा येतो. क्ष-किरणाचा फोटो एकदा निघाला की तो कोणासही दाखविता येतो आणि पुन्हा तपासता येतो. सोनोग्राफीचे तसे नाही. पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे त्या क्षणी हाताने धरलेल्या प्रोबच्या कोनातून घेतलेला शरीराचा एक पातळ काप असतो. हात अर्ध्या बोटाने सरकला की काप बदलतो. जो भाग हाताने पाहिलाच नाही, तो चित्रात येतच नाही. मागाहून कितीही मोठा तज्ज्ञ ते चित्र पाहो, न पाहिलेली गाठ त्याला दिसणार नाही. म्हणजे येथे चित्र काढणे आणि निदान करणे ही दोन कामे नाहीत, ते एकच काम आहे.

पित्ताशयातील खड्याचे उदाहरण घ्यावे. खडा पडद्यावर पांढरा ठिपका म्हणून दिसतो. पण पांढरे दिसणारे सगळेच खडे नसतात. खऱ्या खड्याच्या मागे ध्वनी पोहोचत नाही, म्हणून तेथे काळी सावली पडते. आणि रुग्णाला कुशीवर वळविले की खडा घरंगळून खाली जातो. ठिपका हलला नाही, तर तो भिंतीला चिकटलेला कोंबही असू शकतो. हे पाहण्यासाठी रुग्णाला वळविण्याची आठवण हाताला व्हावी लागते, आणि ती आठवण शरीररचना व रोगशास्त्र पक्के असल्याशिवाय होत नाही. यंत्र स्वतः काही खोटी चित्रेही दाखविते. एकाच प्रतिध्वनीच्या दोन-तीन आवृत्त्या उमटतात, तर कधी नसलेली सीमा भासते. खरे व भासमान यांतला हा भेद ओळखणे हा शिक्षणाचा मोठा भाग आहे.

या विद्येचा जन्मही असाच हात आणि बुद्धी यांच्या संगमातून झाला. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानदलात नोकरी केली होती आणि रडारसारख्या साधनांशी त्यांचा परिचय होता. बॉयलरच्या पोलादातील तडे शोधण्यास कारखान्यांत श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरीत. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन अशा एका कारखान्यात गेले, आणि पाण्याने भरलेली गाठ व भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांनी पाहिले. पुढे एका स्त्रीच्या पोटातील गाठ असाध्य कर्करोगाची आहे असा वैद्यांचा समज झालेला असताना, या यंत्राने ती साधी पाण्याची गाठ असल्याचे दिसून आले. शस्त्रक्रिया झाली आणि ती स्त्री वाचली. अभियंता टॉम ब्राउन व डॉ. जॉन मॅकविकर यांच्यासह डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि वैद्यकाला एक नवा डोळा मिळाला.

तो डोळा वापरण्याचे शिक्षण आपल्याकडे कसे मिळते? बडोद्याचेच उदाहरण पाहू. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी तेथील वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. सर सयाजीराव रुग्णालय त्याला जोडलेले आहे. अनेक पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी घरांतील मुलांना या विद्यापीठाचे दार परके नाही.

येथील वाट सर्व देशातल्या वाटेसारखीच आहे. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावयाची. मग एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि सक्तीच्या उमेदवारीचे एक वर्ष. त्यानंतर पुन्हा राष्ट्रीय परीक्षा, आणि क्ष-किरण-निदान या विषयाच्या एम.डी.ची तीन वर्षे. ही एकंदर साडेआठ वर्षे झाली. त्या तीन वर्षांत विद्यार्थी आधी भौतिकशास्त्राकडे परततो. ध्वनी, क्ष-किरण, चुंबक यांचे नियम नव्याने शिकतो. मग वरिष्ठांच्या शेजारी उभा राहून पाहतो. नंतर वरिष्ठ शेजारी उभे असताना स्वतः प्रोब धरतो. रात्रपाळीत अपघाताचा रुग्ण येतो, पोटात रक्तस्राव आहे की नाही हे काही मिनिटांत सांगावयाचे असते. आपले निदान शस्त्रक्रियेत खरे ठरले की खोटे, हे दुसऱ्या दिवशी जाऊन विचारण्याची सवय ज्याला लागली, तो लवकर तयार होतो. शेवटी प्रबंध व परीक्षा असतेच. प्रसूतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणारेही गर्भवतींच्या सोनोग्राफीचे शिक्षण घेतात. केवळ एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांसाठी २०१४ च्या केंद्रीय नियमांनी सहा महिन्यांचा, ३०० तासांचा शिक्षणक्रम व शेवटी परीक्षा अशी व्यवस्था ठरवून दिली.

मग ‘यंत्र चालविण्याचा कोर्स’ नाही का? क्ष-किरण व प्रतिमाशास्त्राचे तंत्रज्ञ तयार करणारे पदवी-अभ्यासक्रम आहेत, आणि ते मानाचे व उपयुक्त शिक्षण आहे. सी.टी. स्कॅन, एम.आर.आय., क्ष-किरण या विभागांचा डोलारा याच मंडळींवर उभा असतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या व्यवसायास स्वतंत्र मान्यताही दिली. परंतु त्या पदवीवर स्वतंत्रपणे सोनोग्राफी करण्याचा अधिकार भारतात मिळत नाही. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत सोनोग्राफर हा वेगळा व्यवसाय आहे. डॉक्टर नसलेली माणसे विद्यापीठात शिकून तपासणी करतात. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून हे ऐकून अनेकांचा गोंधळ होतो. तेथे शिकून तेथेच काम करावयाचे असेल तर ती वाट चांगली आहे. ती पदवी घेऊन येथे परतल्यास मात्र हाती प्रोब धरता येणार नाही. दारावर फी भरण्यापूर्वी ही गोष्ट विचारून घ्यावी. ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ अशा आकर्षक नावाखाली काही महिन्यांत प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या जाहिराती पाहून कष्टाचा पैसा घालविणारी घरे थोडी नाहीत.

आपल्याकडे हा नियम इतका कडक का, याचे उत्तर त्या भिंतीवरच्या फलकात आहे. जो डोळा आईच्या पोटातील बाळाचे हृदय पाहतो, तोच ते बाळ मुलगा आहे की मुलगी हेही पाहू शकतो. आपल्या समाजाने या शक्तीचा काय उपयोग केला, ते जनगणनेत नोंदले गेले आहे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये महाराष्ट्रात ९४६ आणि गुजरातेत ९२८ होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे ८९४ व ८९० झाली. सुशिक्षित, कारखानदार, देवभक्त अशी ख्याती असलेल्या या दोन शेजारी राज्यांतील हे आकडे आहेत. अज्ञानाला दोष देऊन यातून सुटता येत नाही. यंत्र शिकलेल्या हातांतच होते.

हे ओळखून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि मुंबई-पुण्याकडील संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. प्रत्येक केंद्राची नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद आवश्यक ठरली. गर्भाचे लिंग आपण शोधले नाही व कोणास सांगितलेही नाही, असे डॉक्टरने प्रत्येक वेळी लिहून द्यावे लागते. शब्दानेच नव्हे, खुणेनेही सांगणे गुन्हा आहे. ‘पेढे की बर्फी’ एवढेच कोणी सुचविले, तरी तुरुंगवास होऊ शकतो आणि दोष सिद्ध झाल्यास वैद्यकीय नोंदवहीतून नावही उतरते. कायद्याने आणखी एक शहाणपण दाखविले आहे: अशी तपासणी झाली तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्या स्त्रीवर नवऱ्याने वा नातेवाइकांनी सक्ती केली, असेच गृहीत धरले जाते. ज्याला आपले घर माहीत आहे, त्याला या कलमाचे मर्म सांगावे लागणार नाही.

तेव्हा सोनोग्राफीच्या शिक्षणात दोन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या ठरतात: जे पाहावयाचे ते नेमके पाहणे, आणि जे सांगावयाचे नाही ते न सांगणे. पहिली गोष्ट तीन वर्षांच्या सरावाने येते. दुसरीची परीक्षा कोणतेही विद्यापीठ घेऊ शकत नाही. ती दाराआड, ओळखीच्या माणसाच्या आर्जवापुढे, पाकिटापुढे, कधी स्वतःच्याच नात्यातल्या वडीलधाऱ्यापुढे द्यावी लागते, आणि ती रोज द्यावी लागते.

बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाच्या विद्यापीठावर कुलगुरू झालेली ही देशातली पहिली स्त्री. त्यापूर्वी संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात असताना, ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशा इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत, असा आग्रह त्यांनी धरला. आणि १९४८ मध्ये मंजूर झालेल्या जाहीरनाम्याचे पहिले कलम त्याप्रमाणे सुरू होते. जन्मतः सर्व मानव स्वतंत्र व समान आहेत, हे ते वाक्य. त्यासाठी आधी जन्म मिळाला पाहिजे.

मुलाला किंवा मुलीला या वाटेने पाठविणाऱ्या पालकांनी गुणांचा व फीचा हिशोब जरूर करावा. त्याबरोबर घरात सून गरोदर असताना ‘काय आहे?’ असा प्रश्न आपण कधी विचारला का, हेही एकदा मनाशी आठवावे. त्या प्रश्नाला ‘बाळ आहे, आणि ते सुखरूप आहे’ एवढेच उत्तर पुरेसे वाटेल अशा घरातून आलेला विद्यार्थी या विद्येचा निम्मा अभ्यास घरूनच करून आलेला असतो.