आईसाठी हिवाळी कोट निवडताना

नागपूरचे नाव निघाले की आधी उन्हाळा आठवतो. येथील घरे बांधताना उन्हाचा विचार होतो, खिडकीत कूलरची जागा राखली जाते, गच्चीवर पांढरा रंग दिला जातो. हिवाळ्याची तयारी मात्र एक शाल आणि एक जुना स्वेटर यांवर भागवली जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तशी पहाट दरवर्षी उगवत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर रेंगाळल्याचे दिवस नागपूरकरांना नवे नाहीत. त्यातच एखाद्या आठवड्यात आभाळ भरून येते, अवकाळी पाऊस पडतो, कधी गाराही पडतात.

अशा दिवसांत मुलगा किंवा सून आईसाठी हौसेने एक जाड, टोपी असलेला, वारा-पाऊस अडवणारा कोट आणतात. दुकानदार त्याला पार्का म्हणतो. दोन दिवस तो अंगावर चढतो आणि मग कपाटात जातो. आई पुन्हा शालीत! विचारले तर उत्तर ठरलेले असते : “मला नाही रे एवढी थंडी वाजत.” या उत्तरावर विषय संपवू नये. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे उतारवयात शरीर थंडीची वर्दी उशिरा देते. दुसरे म्हणजे तो कोट तिला एकटीने घालता येत नाही, आणि तसे सांगण्याचा तिला संकोच वाटतो.

थंडी वाजणे आणि थंडी बाधणे

गारठा लागला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतली ऊब आत राहते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरतात व उष्णता निर्माण होते. यालाच आपण हुडहुडी म्हणतो. वय वाढते तसे हे दोन्ही उपाय मंदावतात. स्नायू कमी होतात, त्वचेखालची चरबी विरळ होते आणि गारव्याची जाणीवही बोथट होते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, कंपवात आणि झोपेची काही औषधे यांमुळे धोका आणखी वाढतो. थंडीत रक्तदाबही चढतो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात फिरायला निघण्याची घाई करू नये.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की ती वैद्यकीय आणीबाणी ठरते. वृद्धांच्या बाबतीत हे बंद घरातही घडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवले आहे. वृद्ध आणि आजारी माणसांसाठी ते त्याहून थोडे अधिक हवे. आईच्या खोलीत एक साधा तापमापक टांगला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. हिवाळ्यात कूलरची खिडकी फळीने नीट बंद करावी. अर्धा गारठा तेथूनच आत येतो.

एका जाड कोटापेक्षा तीन थर

कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तो शरीराची ऊब धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या साह्याने धरून ठेवतो. नागपुरात पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, असा फरक एकाच दिवसात पडतो. पहाटे सोयीचा वाटणारा जाड कोट अकरा वाजता घाम आणतो, आणि घामाने ओले झालेले अंग संध्याकाळी पुन्हा गारठते. म्हणून थरांचा विचार करावा.

अंगालगतचा थर मऊ आणि घाम शोषून लवकर वाळणारा असावा. पातळ थर्मल उत्तम. सुती कपडाही चालतो, मात्र ओला झाल्यास तो लगेच बदलावा. मधला थर ऊब धरणारा, म्हणजे लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट असावे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. बाहेरचा थर वारा अडवणारा आणि हलका असावा. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो, आणि हे काम आईला दुसऱ्याची वाट न पाहता करता येते.

साडी, खांदे आणि बोटे

दुकानातील बहुतेक जाकिटे पँट घालणाऱ्या तरुण मुलींच्या मापाने शिवलेली असतात. नेहमी साडी नेसणाऱ्या स्त्रीची पाठ आणि कंबर यांच्यामध्ये एक उघडी पट्टी राहते, आणि गारठा नेमका तेथे बसतो. कोटाची लांबी नितंब झाकून मांडीच्या मध्यापर्यंत यावी. त्याहून लांब कोट निऱ्यांत अडकतो, पायऱ्या चढताना पायात येतो आणि रात्री शौचालयात जाताना अडचण करतो. दोन्ही बाजूंना चीर असेल तर बसताना तो वर सरकत नाही. साडीच्या आत लोकरीची किंवा थर्मलची लेगिंग आणि तळाशी रबरी ठिपके असलेले पायमोजे घातले की खालून येणारा गारठाही थांबतो. साध्या मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो, हे विसरू नये.

डोक्यातून घालायचे कपडे टाळावेत. ज्यांचे खांदे आखडले आहेत, त्यांना पुढून उघडणारा आणि सैल बाह्यांचा कोटच सोयीचा. सांधेदुखी असलेल्या बोटांना बारीक चेन सापडत नाही. चेनच्या टोकाला एक जाड गोफ किंवा कडी बांधून द्यावी. मोठी टिचबटणे किंवा वेल्क्रो त्याहून सोपे. पक्षाघातानंतर एक बाजू अशक्त असेल तर घालताना अशक्त हात आधी आणि काढताना शेवटी, हा नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा.

कोटाचे वजन हातात घेऊन पाहावे. जड कोटाने खांदे दुखतात आणि तोल सांभाळणे कठीण जाते. कोटाला जोडलेली मोठी टोपी डोक्यावर घेतली की बाजूची वाहने दिसत नाहीत आणि आवाजही कमी ऐकू येतो. शहरात त्यापेक्षा कानटोपी किंवा रुमाल बरा.

वारा-पाऊस किती अडवावा?

लेबलवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले कापड पाणी आत येऊ देत नाही, परंतु स्वस्त प्रकारात ते घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. नागपूरच्या हिवाळ्यात तासन् तास पावसात उभे राहण्याचा प्रसंग क्वचित येतो. येथे वारा अडवणारा आणि हलकी सर झेलणारा कोट पुरेसा आहे.

परदेशी लेकीकडे जायचे असेल, तर गोष्ट निराळी. लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन जानेवारीत कॅनडा किंवा अमेरिकेला जाणाऱ्या आया आपल्याकडे घरोघरी आहेत. तेथे खरा पार्का लागतो. हा कपडा मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांचा. इन्युइट स्त्रिया तर पाठीवरचे मूल आत मावेल असा मोठ्या टोपीचा कोट शिवत. अशा कोटात पिसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे भरण असते. पिसे हलकी आणि अधिक उबदार असतात, पण ओली झाली की चिकटून निकामी होतात. कृत्रिम भरण थोडे जड असते, पण ओलसर झाले तरी बरीच ऊब देते, धुण्यास सोपे जाते आणि स्वस्तही पडते. शिवणींना आतून पट्टी, चेनवर झाकणारी पट्टी आणि मनगटाशी घट्ट विणलेला काठ आहे ना, हे पाहावे. आत स्वेटर मावेल इतका तो सैल असावा. शक्य असल्यास तो तेथेच, लेकीच्या सोबतीने घ्यावा.

खरेदीला आईला न्यावे

सीताबर्डी, गोकुळपेठ, इतवारी येथील दुकाने आणि दर हिवाळ्यात मांडला जाणारा तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर बाजार, असे पर्याय नागपुरात आहेत. या तिबेटी समाजाची एक वसाहत गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावला आहे. आईला दुपारच्या वेळी, रोजची साडी नेसवूनच न्यावे. कोट घालून तिला खुर्चीत बसू द्यावे, दोन्ही हात केसांपर्यंत नेऊ द्यावेत, चेन स्वतः लावू व काढू द्यावी, खिशातून चष्मा काढू द्यावा. यांपैकी एकही गोष्ट जमली नाही तर तो कोट कितीही सुंदर असला तरी परत ठेवावा. रंग मात्र तिच्या आवडीचाच घ्यावा. न आवडलेला कपडा अंगावर येत नाही.

काही सावधगिरी

शालीचे लोंबते टोक आणि कृत्रिम धाग्याची बाही गॅसच्या ज्वालेजवळ नेऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. मधुमेही माणसाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी थेट ठेवू नये, भाजल्याचे त्यांना कळत नाही.

वृद्ध व्यक्ती अकारण गुंगलेली, गोंधळलेली दिसली, जीभ जड झाली, पांघरुणाखालचे पोट हाताला थंड लागले, तर हुडहुडी नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पांघरूण द्यावे, पूर्ण शुद्धीवर असल्यास कोमट पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आई “थंडी नाही वाजत” म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नये. पांघरुणाखाली हात घालून तिच्या पोटाचा गारवा पाहावा, आणि कपाटातला तो कोट तिला एकटीने घालता येतो का, हे एकदा शांतपणे बसून बघावे.