भुऱ्या माथेरानला जातो

मुलांनो, सुटी लागली, बॅगा भरल्या, पुऱ्या-चटणीचा डबा तयार झाला, की घरात एकच प्रश्न उरतो. आपल्या कुत्र्याचं काय करायचं?

आमच्या घरी भुऱ्या आहे. जात विचाराल, तर अस्सल गावठी. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, एक कान उभा आणि एक पडलेला. मागच्या दिवाळीत आम्ही त्याला शेजारच्या आजींकडे ठेवून तीन दिवस गावी गेलो होतो. आजींनी माया कमी केली नाही, पण भुऱ्यानं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. फाटकाशी बसून राहिला. परत आल्यावर त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवताना माझ्या मुलीनं जाहीर केलं, "पुढच्या वेळी भुऱ्या येणार, नाहीतर मीही नाही!"

झालं! डिसेंबरातल्या दोन दिवसांसाठी जागा शोधणं सुरू झालं. हे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही, कारण तिथं रानातल्या प्राण्यांचा हक्क पहिला. पुरातत्त्व खात्यानं सांभाळलेल्या लेण्यांत आणि किल्ल्यांत प्राणी न्यायला मनाई असते. शेवटी मुलांच्या बाबांनी नाव काढलं, "माथेरान! तिथं निदान मोटारींची भीती नाही."

खरंच आहे ते. माथेरानमध्ये रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला, तर मोटारगाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढं पायी किंवा घोड्यावरून जायचं. २०२२ च्या अखेरीला चाचणी म्हणून थोड्या ई-रिक्षा आल्या, एवढाच काय तो बदल.

मग तयारी. राहण्यासाठी तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी "कुत्रा? नको हो बाई" म्हणून फोन ठेवला. तिसऱ्यांनी विचारलं, "टोचलंय का?" आम्ही हो म्हटलं, तेव्हा कागद घेऊन या म्हणाले. रेबीजची लस दर वर्षी वेळेवर दिलेली असली आणि तिची नोंदवही जवळ असली, की बरीच दारं उघडतात, हे तेव्हा कळलं. मुलांनी भुऱ्याची वेगळी पिशवी भरली. त्यात पाण्याची बाटली, पसरट वाडगा, जुनी चादर, शी उचलायला जुने कागद आणि पिशव्या, आणि त्याच्या खाऊचा स्टीलचा डबा. हा डबा लक्षात ठेवा हं, तो पुढं येणार आहे.

घाटाच्या वळणांवर पोट ढवळू नये म्हणून निघण्याआधी त्याला थोडंच खायला दिलं होतं. सकाळी आठला आम्ही दस्तुरी नाक्यावर उतरलो. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेनं लाल मातीची वाट जाते. नेरळहून वर येणारी ही छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी ती बांधवून घेतली. तिच्या दोन रुळांमध्ये अंतर किती, सांगा पाहू? फक्त दोन फूट! तुमच्या कंपासपेटीतल्या चार पट्ट्या एकापुढं एक ठेवल्या, की झालं.

भुऱ्या खुशीत होता. प्रत्येक झाडाला नाक लावून तो जणू तिथलं वर्तमानपत्र वाचत होता. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची अशी दाट सावली, की ऊन खाली ठिपक्याठिपक्यांनी पडतं. माथ्यावरचं रान ते माथेरान, असं लोक सांगतात. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथं चढून आला आणि त्यानंतर हे थंड हवेचं ठिकाण म्हणून वसू लागलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या आदिवासींना हे डोंगर पायाखालचे होते, हे विसरायचं नाही.

एका वळणावर समोरून घोडा आला. पाठीवर पाचेक वर्षांचा मुलगा, लगाम धरून घोडेवाले काका. भुऱ्यानं जन्मात घोडा पाहिलेला नव्हता. तो जोरात भुंकला. घोडा दचकून बाजूला सरला आणि वरचा मुलगा "आई गं!" म्हणून किंचाळला. काकांनी घोड्याच्या मानेवर थोपटून त्याला शांत केलं. आमच्यावर रागावतील असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "बाई, घोडा दिसला की कुत्र्याला आधीच कडेला घ्या आणि त्याचं तोंड तुमच्याकडं वळवा. घोडा कुत्र्याला भीत नाही, अचानक आवाजाला भितो. वर पोर बसलेलं असतं."

खरं सांगते, मला शरम वाटली. हौस आमची, पण पडलं असतं ते दुसऱ्याचं मूल. आणि घोडा बिथरला, तर त्या काकांची दिवसाची कमाईही बुडणार. त्यानंतर टापांचा आवाज आला, की माझा मुलगा ओरडायचा, "घोडा!" आम्ही कडेला थांबायचो, भुऱ्याला बसवायचो आणि त्याला एक खाऊ द्यायचो. दुपारपर्यंत गंमत अशी झाली, की टापा ऐकल्या की भुऱ्या आपणहून बसायचा आणि आमच्या हाताकडं बघायचा!

अकराच्या सुमाराला त्याची जीभ लांब बाहेर आली. आपल्याला घाम येतो आणि अंग गार होतं. कुत्र्याचं तसं नसतं. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात, म्हणून तो धापा टाकून अंग गार करतो. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. शिवाय तो अनवाणी असतो! तापलेल्या दगडावर आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवता आली नाही, तर तिथून त्याला नेऊ नये. आम्ही चार वाजेपर्यंत खोलीत सावलीला पडून राहिलो. भुऱ्या फरशीवर पोट टेकून घोरत होता.

संध्याकाळी शार्लोट तलावावर गेलो. हे गावाचं पिण्याचं पाणी, म्हणून भुऱ्याला काठापासून दूर ठेवून वाडग्यातलं पाणी पाजलं. जवळच्या पिसरनाथाच्या देवळात आम्ही पाळीपाळीनं गेलो. दोघं आत, दोघं भुऱ्याजवळ.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. ती लिहावी की नाही, असा विचार करत होते. पण चूक लपवली, तर तुमच्या काय कामाची?

सकाळी आम्ही लुईझा पॉइंटवर होतो. समोर दरीपलीकडं प्रबळगड, खाली धुकं. मुलांचे बाबा फोटो काढत होते आणि भुऱ्याचा पट्टा मुलीच्या हातात होता. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट डोकावत होतं. क्षणात एक माकड आलं, पाकीट ओढलं आणि पळालं. भुऱ्यानं उसळी मारली, मग मागं हिसका दिला, आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून सुळकन निघाला! मुलीच्या हातात रिकामा पट्टा, आणि भुऱ्या माकडामागं कड्याच्या दिशेनं.

बाबा त्याच्या मागं धावायला निघाले. आपण मागं धावलो, की कुत्र्याला वाटतं आपणही शिकारीत सामील आहोत, आणि तो आणखी जोरात पळतो. हे आम्हा मोठ्यांना आठवलं नाही. आठवलं ते माझ्या दहा वर्षांच्या मुलीला. ती होती तिथं मटकन खाली बसली, स्टीलचा डबा काढला आणि खणखण वाजवून रोजच्या आवाजात म्हणाली, "भुऱ्या, ये!"

घरी रोज संध्याकाळी ती हेच करते. डबा वाजवते, हाक मारते, आला की खाऊ देते. आम्ही त्याला तिचा खेळ समजायचो. त्या सकाळी भुऱ्या कड्यापासून दहा-बारा पावलांवर थबकला, माकडाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि शेपूट हलवत परत आला. मुलीनं त्याला खाऊ दिला, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि मग ती रडली. मीही.

माकडाचा राग आला का? नाही. पर्यटक खाऊ देतात, म्हणून माकडं पिशव्यांवर झेप घेतात. पाकीट उघड्यावर ठेवलं मी. पट्टा गळ्याला सैल होता, तो आम्ही तपासला नाही. घरी आल्यावर पहिलं काम केलं, ते छातीभोवती बसणारा पट्टा आणण्याचं. त्यातून मान सहज निसटत नाही.

तुम्हीही आपल्या कुत्र्याला घेऊन जाणार असाल, तर एवढं पाहा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा त्याला कधीही देऊ नका, ते त्याला विषासारखे आहेत. तो उन्हानं गळून गेला, तर सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी घाला आणि डॉक्टर गाठा. परतल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. आणि माकड किंवा अनोळखी कुत्रा तुम्हाला चावला किंवा ओरबाडला, तर घाबरून गप्प बसू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मोठ्यांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पण सगळ्यात महत्त्वाची तयारी बॅगेत मावत नाही, आणि ती एका दिवसात होत नाही. ती रोज संध्याकाळी घरीच करायची असते. मग करता सुरुवात आजपासून? तुमच्या घरी एखादा रिकामा डबा असेलच!